टाकी वर आली

सरजाबाईनं कडेवरची घागर उतरवली, पण तिचा हात पुढं होईना. घरात लेक बाळंतीण होती आणि पाण्याची घागर ही एवढीच.

"ओत की," सरपंच ईश्वरप्पा म्हणाला. "समद्यांनी ओतलं. तुझंच पानी सोन्याचं हाय का?"

समोर त्याच्या गोबरगॅसचा खड्डा, त्यावर पालथी लोखंडी टाकी. शेण-पाण्याचा काला आत पडला की गॅस साठतो आणि टाकी वर चढते. दुष्काळात तिनं जी बैठक मारली होती, ती मोडता मोडत नव्हती. आज तर नव्यानं झालेल्या लातूर जिल्ह्याचे साहेब टाकी बघायला यायचे होते, आणि गावोगावचे पाण्याचे टँकर त्यांच्याच हातात. टाकी वर दिसली की साहेब खूश, साहेब खूश की टँकर आलाच, असा ईश्वरप्पाचा हिशोब. तो गावाला पटला, म्हणून आठवडाभर लोक पिण्याचं पाणी आणून इथं ओतत होते.

"लेकीला दूध उतरंना, आप्पा. तांब्याभर तरी ठिवू द्या."

"उद्या टँकर तुझ्या दारात हुबा करतो."

सरजाबाईनं घागर रिकामी केली. ईश्वरप्पाच्या विहिरीला तिचा हात चालत नव्हता; शेणखड्ड्याला चालला.

दुपारी साहेब आले. चांगली हातभर वर आलेली टाकी पाहून हरखले. ईश्वरप्पाच्या सुनेनं, उमाबाईनं, शेगडी पेटवली, गॅसवरचा चहा झाला.

"वा," साहेब म्हणाले. "पाणी नाही म्हणून गावंच्या गावं माझ्या डोक्यावर बसलीत. तुमच्याकडे तर शेणात कालवायला पुरतंय. तुमचा टँकर मी दुसऱ्या गावाला देतो."

ईश्वरप्पाचा चेहरा उतरला. खरं सांगावं तर देखावा उघडा पडतो. शिवाय त्याच्या विहिरीत, तळाला का होईना, घरापुरतं पाणी होतं. मेल्यानं साहेबांचा कप पुन्हा भरला.

सरजाबाईला राहवलं नाही. "सायेब, ते आमचं प्यायचं पानी व्हतं."

साहेबांनी नवलानं तिच्याकडे पाहिलं. "प्यायचं पाणी कुणी शेणात ओततं का, बाई?"

साहेब हसले. मग मंडळीही हसली. सगळ्यांत मोठ्यानं ईश्वरप्पा.