चौथी ओळ

बाईंनी सात पोरं फळ्यापुढं उभी केली. चार गावातली. तीन मजुरांची, पेठच्या डोंगरातून द्राक्षाच्या हंगामापुरती खाली आलेली.

फळ्यावर घर काढलेलं. छपरावर सात, खाली दोन खोल्या, एकीत चार, दुसरीत तीन. हे आकड्यांचं कुटुंब, बाई म्हणाल्या, इथं कुणी परकं नाही. घराखाली त्यांनी चार ओळी लिहिल्या. चार अधिक तीन, सात. तीन अधिक चार, सात. सात वजा तीन, चार. सात वजा चार, तीन.

पहिल्या दोन ओळी पोरांनी करून दाखवल्या. एकदा चौघांत तिघं येऊन मिळाली, एकदा तिघांत चौघं. मग बाई म्हणाल्या, "आता तीन जा."

कोणी जायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगावं लागत नव्हतं. मंगळू आणि हिरामणनं खताच्या गोणीची दप्तरं उचलली नि ओसरीत जाऊन बसले. दप्तर न्यावंच लागे. गणित संपायचं, भाषेचा तास लागायचा, पण वजा झालेल्यांना आत बोलवायचं कुणाच्या ध्यानात राहायचं नाही. हंगाम लागल्यापासून हेच. आकडे बदलायचे, जाणारे तेच.

तिसरी, रोशनी, जागची हलली नाही.

"जा गं," बाई म्हणाल्या.

"आधी चौथी ओळ करू, बाई."

"ती नुसती वहीत उतरवायची."

"का? तीबी खरीच हाय ना? सातातून चार गेले तर आम्ही तीन उरतो."

रविराज फिस्सकन हसला. त्याच्या बापाच्या, अण्णांच्याच बागेत रोशनीचा बाप घड तोडत होता. "आम्ही बाहेर बसायचं व्हय, ए डोंगरवाले? अण्णांना सांगू का? उद्या तुझा बाप बागेत दिसायचा नाय."

रोशनी त्याच्याकडं वळली.

"सांग," ती म्हणाली. "चौथी ओळबी सांग त्यांना."

वरून ओझरच्या विमानतळावरचं विमान गडगडत गेलं. एकाही पोरानं मान वर केली नाही.

बाईंनी डस्टर घेतलं आणि चौथी ओळ पुसून टाकली. "आता तीनच ओळी आहेत. नीघ."

रोशनीनं फळ्याकडं पाहिलं. घर होतं तसंच होतं. तिघांनी जायचं, एवढंच त्याखाली लिहिलेलं. कुठं जायचं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"मंगळू, हिरामण, या रं आत."

दोघं दारात येऊन थबकले. तोवर ती चालू लागली होती. दाराकडं नाही. सगळ्यात पुढच्या बसकरपट्टीकडं, जिथं रोज गावातली चौघं बसायची. तिथं तिनं मांडी घातली. दोघं दबकत आले नि तिला चिकटून बसले. तिनं वही उघडली.

"झालो वजा, बाई."

फळ्यापुढं चौघं उरली होती, बसायला जागा शोधत.