पडद्यावरच्या मुंग्या

शार्दूलने पडदे ओढून हॉल अंधारा केला आणि प्रोजेक्टर लावला. भिंतीवर उंट आला. डोक्यावर टोपी, गळ्यात घंटा. गाद्यांवर पसरलेल्या चाळिशीतल्या मंडळींनी शिट्ट्या मारल्या.

"हा उंट आहे होय?" उल्का म्हणाली. आवाजावरून तिला तो इतकी वर्षं अस्वल वाटत होता. पण तिचं बोलणं शिट्ट्यांत कोणाला ऐकू गेलं नाही.

एचएसआर लेआउटमधल्या या फ्लॅटवर महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी हे असं चालतं. पुण्या-नागपूरहून या कानडी मुलखात आलेले आयटीवाले घरच्या कपड्यांवरच येतात, चहात बिस्किटं बुडवतात आणि लहानपणची कार्टून बघून हळवे होतात. खरं तर तेव्हा कार्टून रविवारी लागायचं, शनिवारी सकाळची शाळा असायची. पण रविवारी प्रत्येकाचं काही ना काही ठरलेलं असतं, म्हणून बालपण एक दिवस अलीकडे ओढून घेतलंय.

उल्का शार्दूलची थोरली बहीण. ती काही कार्टून बघायला आली नव्हती. शहरातल्याच बनशंकरीहून आईला व्हीलचेअरसकट घेऊन आली होती, ती एकच गोष्ट विचारायला. पुण्याच्या एका कॉलेजने तिला नोकरी देऊ केली होती आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. आई अर्धांगवायूने पडली तेव्हा शार्दूल म्हणाला होता, थोडे दिवस तू सांभाळ, मग मी घेऊन जातो. मग त्याचं प्रमोशन आलं. मग मुलाची दहावी. मग फ्लॅटचं रंगकाम निघालं. तो रंग वाळूनही आता वर्ष होत आलं होतं.

भाग संपला तसा शार्दूल रंगात आला.

"आमच्या गडहिंग्लजला सिग्नलची बोंब," त्याने सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. "पडद्यावर नुसत्या मुंग्या. ताई उंच, म्हणून ती टाकीवर चढून अँटेना फिरवायची. आणि गंमत अशी, की तिने पाइप हातात धरला की चित्र एकदम स्वच्छ. सोडला की परत मुंग्या. मग मी काय करायचो? चित्र आलंय हे सांगायचोच नाही. खिडकीतून ओरडायचो, अजून नाही, धरून ठेव!"

सगळे हसून लोळले. कोणीतरी म्हणालं, ताईंसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत. झाल्याही.

उल्काला हसू आलं नाही. तापलेला पाइप ती हात बदलून बदलून धरायची. शेवटचं गाणं वाजलं की टाकीवरून उतरायची, आणि हा पडलेल्या चेहऱ्याने सांगायचा की आजही धड दिसलं नाही. तिला त्याची दया यायची. पुढच्या रविवारी ती आणखी घट्ट धरायची.

तिने आईकडे पाहिलं. आईच्या तोंडाचा एकच कोपरा हलतो. तो हसत होता. म्हणजे आईला माहीत होतं. आणि का नसेल, स्वयंपाकघरातून टीव्ही समोरच दिसायचा. उल्काला राग आला तो शार्दूलचा नाही, आईचाच आला. पण तेवढ्यात आईच्या गोळीची वेळ झाली, म्हणून तो गिळून तिने पर्समधून पाण्याची बाटली काढली.

मग ती स्वयंपाकघरात गेली. शार्दूल बशांमध्ये पोहे वाढत होता. तिने पुण्याचं सगळं सांगितलं. त्याची बायको सुखदा फ्रीजमध्ये डोकं घालून कोथिंबीर शोधायला लागली आणि बराच वेळ तिला ती सापडली नाही.

"मी नाही म्हणतोय का, ताई?" शार्दूल म्हणाला. "दिवाळीपर्यंत काढ ना कसंबसं. आईलाही तुझ्याच हातची सवय झालीये."

उल्का बाहेर आली. हॉलमध्ये दुसरं कार्टून सुरू झालं होतं. तिने आईची खुर्ची सगळ्यांच्या पुढे नेली, ब्रेक लावला आणि शेजारी पिशवी ठेवली. पिशवीत औषधं होती, डायपर होते, दोन गाऊन होते. आईला घेऊन कुठेही निघताना ती हे सगळं भरूनच निघते.

"येते मी, आई," ती म्हणाली. आईने चांगल्या हाताने तिचं मनगट पकडलं. उल्काने एकेक बोट सोडवलं.

खाली गेटवरच्या वॉचमनने सकाळी खुर्ची उचलायला हात लावला होता. अम्मा कुठे राहिल्या, असं त्याने कानडीत विचारलं. मुलाच्या घरी, असं तिनेही कानडीतच सांगितलं. "सरी," म्हणून त्याने गेट उघडलं.

रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा फोन आला.

"ताई, कुठे गेलीस तू?" शार्दूलचा आवाज चिरकला होता. मागे कार्टूनचं गाणं वाजत होतं. "आईला बहुतेक बाथरूमला जायचंय. उठवलंय तिला मी, धरून उभा आहे, पण पुढे काय करायचं कळत नाहीये. लोक बघतायत गं. आलीस का?"

उल्काने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"अजून नाही," ती म्हणाली. "धरून ठेव."