इंजेक्शनचा असर

हणमंतराव लातूरला दाढ काढून दुपारी जळकोटला घरी आले, ते बोबडं बोलतच. "इंजेक्शनचा असर हाय, उतरल," म्हणत विठाबाई नवऱ्याला पेज पाजू लागली. पेज ओठातून ओघळली, तशी पदर तोंडाला लावून हसली.

दिवस कलला तरी जीभ सुटेना. मग त्यांच्या हातातला पेलाच गळून पडला. घाबरून तिनं दाताच्या डॉक्टरला फोन लावला.

"ओठ उजवीकडचाच लोंबतोय ना? सुई तिकडंच दिली होती."

तिनं नवऱ्याचा चेहरा उजेडाकडं वळवला. "न्हाई वो, डावीकडला हाय!"

"मग हा भुलीचा असर नाही. लकवा वाटतोय. कधीपासून आहे असं?"

"दुपारपासून."

"लकव्याची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तुम्ही लातूरला पोचेपर्यंत ती वेळ टळलेली असेल."

"आत्ता निघतो वो, लगेच निघतो," विठाबाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली.