आईची मालिका

आईची आवडती मराठी मालिका सुकन्याला आयर्लंडमध्ये दिसत नसे. लावली की ॲप मोठ्या अदबीनं सांगायचं, 'हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही.' म्हणून तिसगावहून रतनबाईच रोज संध्याकाळी लेकीला फोनवर भाग ऐकवायच्या.

"आज पोरानं कहरच केला बग. आईची खाट गोठ्यात टाकली, आन् पुढ्यात कालचं कालवण सरकवलं."

फोन सुकन्याच्या भावाचा, त्यामुळं हनुमंतदादाही शेजारी बसून ऐकायचा आणि तावातावानं म्हणायचा, "लई नालायक पोरगं हाय! संस्कारच राहिले न्हाईत लोकांत."

शेवटी सुकन्यानं व्हीपीएन घेतलं आणि मोठ्या हौसेनं सगळी मालिका पहिल्यापासून पाहून काढली.



मालिकेतल्या आईला मुलगाच नव्हता.