प. रा. बा.

"हे 'प.' म्हणजे काय, तेच कळत नाही," पाळक वामनरावांनी चष्मा काढून टेबलावर टाकला.

समोर राळेगावकडच्या तांड्यावरचा सेवादास बसला होता. शेजारी त्याची मुलगी रामी. एसटीनं यवतमाळच्या चर्चमध्ये यायची या माघातली त्यांची तिसरी खेप.

सेवादासचा बाप डोंगरसिंग मोठ्या दुष्काळात पोरका झाला आणि मिशनमध्ये वाढला. त्याचं लग्न याच चर्चमध्ये लागलं. पुढे तो तांड्यात परतला आणि सेवादास रांगता असतानाच वारला. घर स्वतःला पवार म्हणवत होतं. पण रामीची सोयरीक राजूरच्या एका राठोडाशी ठरली, सेवादासनं पंचांसमोर शब्द दिला आणि मग कुणा म्हाताऱ्यानं पिल्लू सोडलं: डोंगरसिंग मुळात राठोडच! एका कुळात लग्न होत नाही. तांड्याचा नायक म्हणाला, चर्चमधून लिहून आणा, मग बघू.

विवाहाच्या वहीत गोऱ्या पाद्र्यानं डोंगरसिंगच्या नावापुढे तीनच अक्षरं खरडली होती. प. रा. बा.

पाळकांच्या पत्नी विमलताई चहा घेऊन आल्या. "जावई काय करतात?"

"कोयशाच्या खदानीत मुकादम हाये," सेवादास म्हणाला. "बिजवर हाये. पह्यली विहिरीत पडली, हे मागून कयलं."

"अगं बाई! पाय घसरला?"

"तसंच म्हन्तेत."

रामीनं चहाला हात लावला नाही.

"थांबा!" वामनराव पुन्हा वहीवर वाकले. "प. म्हणजे पहिलं लग्न. बा. म्हणजे बाप्तिस्मा. आणि रा..." त्यांचा आवाज उतरला. "राठोडच असणार."

सेवादास ताडकन उभा राहिला. "तसं लेहून द्या, साहेब."

"अहो, नुसत्या अंदाजावर पोरीचं ठरलेलं लग्न मोडायचं? धीर धरा."

"किती धरू? कामं बुडून राह्यले, नायक रोज टोचते. जे हाये ते लेहून द्या. सुटतो एकदाचा."

"पुढच्या बाजाराला या. मी शोधतो."

बापाची ती तगमग वामनरावांच्या जिवाला लागली. फुरसत मिळाली की ते वही उघडून बसत. शाई उडालेली, कसर लागलेली. पाद्र्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावत ते पानं उलटत. कोलामाच्या नावापुढे रा., गोंडाच्या नावापुढेही रा. सगळेच राठोड कसे? वही मिटून ते वैतागत आणि पुन्हा उघडत. शेवटी एका पानावर साक्षीदाराचं नाव पुरतं लिहिलेलं मिळालं: 'देवसिंग पवार, राहणार बाभुळगाव, डोंगरसिंगचा सख्खा भाऊ.'

बाजाराच्या दिवशी बापलेक फाटकात दिसताच वामनराव दाखला घेऊन धावले.

"रा. म्हणजे राहणार हो! प. म्हणजे पवार, बा. म्हणजे बाभुळगाव. तुम्ही अस्सल पवार! आता उडवा बार!"

सेवादासनं कागदाला हात लावला नाही. रामी फाटक धरून खालीच बसली.

"अहो, आनंदाची बातमी आहे," वामनराव म्हणाले.

सेवादासनं वाकून त्यांचे पाय धरले.

"राठोड लेहा, साहेब. माही पोरगी वाचवा."