मुक्या खुन्याचं वाक्य

जपानी खूनपटाचा पहिला खेळ संपला आणि त्याची मराठी सबटायटल्स लिहिणाऱ्या बाईंभोवती गर्दी झाली. लोकांना आवडेल की नाही या धास्तीने शेवटची दहा मिनिटं त्या बाहेरच उभ्या होत्या. तीन महिने डोळे फोडून केलेल्या कामाचं असं चीज होईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"खुन्याचं ते शेवटचं वाक्य! अंगावर काटा आला हो," एक डॉक्टर म्हणाले.

एरवी कौतुकाला कंजूष असलेली नणंदसुद्धा म्हणाली, "वहिनी, त्या वाक्याला तोड नाही."

बाई हसून मान डोलवत राहिल्या. पण सहा बायकांचा जीव घेणारा तो खुनी मुका होता. त्याच्या तोंडी त्यांनी एक अक्षरही घातलं नव्हतं.

व्यवस्थापकांनी त्यांना स्टेजवर नेऊन माइक हातात दिला. "ते वाक्य तुमच्या तोंडून होऊन जाऊ द्या."

खरं सांगायचं बाईंच्या जिवावर आलं. इतकी शाबासकी कोण सोडतं? त्यांनी शक्कल लढवली आणि माइक लोकांकडे वळवला. "माझ्यापेक्षा तुम्हीच म्हणा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नणंदेसकट अख्खं सभागृह उभं राहिलं आणि हसतमुखाने, एका सुरात म्हणालं,

"सहा झाल्या. आता माझी वाक्यं लिहिणारी तेवढी राहिली."