वीतभर जागा

रूपीने कोंबडी अंगणात सोडली आणि टाळी वाजवली. कोंबडी हलली नाही. पाय जवळ घेऊन, मान आखडून तिथेच उभी राहिली. चारी बाजूंना मोकळं अंगण, पलीकडे पळसाची झाडं, पण ही बया वीतभर जागा सोडायला तयार नाही.

"अगं, जा की! कोण अडवतंय तुला?" रूपी करवादली.

कोंबडी तलासरीजवळच्या पोल्ट्रीतली. रूपी तिथे कामाला होती. एका पिंजऱ्यात चार कोंबड्या, पंख पसरायची सोय नाही. चोची पिल्लं असतानाच छाटलेल्या. पायाखाली माती नाही, तार. अंडी आटली की गाडीत भरून रवानगी. मालक प्रवीणशेठ मोठे दिलदार. रूपीचा नवरा घरी आल्याचं कळलं, तेव्हा आटलेल्यांतली एक त्यांनी तिला फुकट दिली. "नवऱ्याला रस्सा करून घाल," म्हणाले.

नवरा म्हणजे सुक्या. गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. समुद्रात बोटीने हद्द ओलांडली, पलीकडच्यांनी ती धरली आणि चार वर्षं त्याने परक्या देशाच्या तुरुंगात काढली. चारच दिवसांपूर्वी तो सुटून आला होता.

"कापू का रे हिला?" रूपीने विचारलं. कुडाला टेकून बसलेल्या सुक्याने आतूनच कोंबडीकडे बराच वेळ पाहिलं.

"नको," एवढंच म्हणाला.

मग रूपी हट्टाला पेटली. हिला कोंबडीसारखं जगायला शिकवायचंच. कामावरून आली की ती कोंबडीसमोर बसून बोटांनी माती उकरायची, किडे दाखवायची. चुलीतली राख आणि धूळ मिसळून तिने अंगणात ढीग केला. तिन्हीसांजेला कोंबडीला उचलून फांदीवर बसवायची. कोंबडी धपकन खाली पडायची आणि पडली तिथेच उभी राहायची. रूपीला शेठचा संताप यायचा. जिवाचं असं कसं करतात ही माणसं! पण त्या पिंजऱ्यांना कड्या घालणारे हात आपलेच, हे आठवलं की हातातला घास ती कोंबडीपुढे टाकायची.

सुक्याची मात्र तिला काळजी नव्हती. उलट सुखच होतं. पूर्वी हा घरात टिकायचा नाही. पहाटे ओहोळावर खेकडे धरायला, दुपारी रानात, कुणाचं लगीन असलं की तीन-तीन दिवस तिकडेच. दहा हाका मारल्या तरी ओ द्यायचा नाही. आता "जेव" म्हटलं की जेवायचा, "चल" म्हटलं की मागे यायचा. सकाळी जिथे सोडून जावं, तिथेच संध्याकाळी भेटायचा. शेजारणी म्हणायच्या, "गुणाचा झाला गं तुझा नवरा!" रूपी लाजायची. इतकी वर्षं लांब राहिला, आता त्याला आपल्याला सोडवत नाही, असं तिला वाटायचं. भाकरी थापताना तो मागे बसलेला आहे, एवढ्यानेच तिला भरून यायचं.

तीन आठवडे गेले. त्या दिवशी पोल्ट्रीला सुट्टी होती. रूपी अंगण झाडत होती आणि कोंबडीने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. राखेच्या ढिगापाशी जाऊन तिने पायाने माती उकरली, स्वतःच दचकली, पुन्हा उकरली. मग अंग टाकून दिलं, पंख पसरले आणि डोळे मिटून धूळ पाठीवर उडवत लोळायला लागली. जन्मात पहिल्यांदा. रूपीच्या हातातला झाडू गळाला. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

"सुक्या! बघ रे, कोंबडी मातीत लोळतेय!"

सुक्या लगबगीने उठला. झोपडीला दार नव्हतंच, नुसता पोत्याचा पडदा, तोही वर खोचलेला. पण उंबऱ्यापाशी येऊन तो थबकला. पाय जवळ घेतले. मान खाली घातली. दोन्ही हात पाठीमागे नेऊन त्याने बायकोला विचारलं,

"साब, बाहर जाऊं?"